सल्ला हवा: गझल शिकायची आहे, सुरुवात कुठून करू?

शहाणा_कावळा: मंडळी, आजवर मुक्तछंदातच खरडत आलो. आता गझलेची हौस आली आहे, पण वृत्त, मात्रा, रदीफ, काफिया ऐकलं की गरगरतं. काय वाचू, आधी काय लिहू?

ओवीकार: गझल जरा थांबू दे. आधी अभंग लिहा. त्यात लघु-गुरूची (आखूड-लांब उच्चाराच्या अक्षरांची) भानगड नाही, नुसती अक्षरं मोजायची. तुकोबांचंच बघा: सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया. ६, ६, ६, ४. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला, चौथा आखूड आणि मोकळा. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणून 'ध्यान'ची अक्षरं दोन. विषय काहीही घ्या, वीजबिलसुद्धा चालेल.

लगागा: अभंग ठीक, पण गझलेत लगावली, म्हणजे लघु (ल) आणि गुरू (गा) अक्षरांचा ठरलेला क्रम, चुकवून चालत नाही. भुजंगप्रयात वृत्तापासून सुरू करा, मनाचे श्लोक सगळ्यांच्याच कानात असतात. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' म्हणजे चार वेळा लगागा. 'सज्जना'तला स ऱ्हस्व, तरी पुढच्या 'ज्ज'चा आघात येतो म्हणून गुरू. 'तुम्ही'तला तु मात्र लघुच, कारण तिथे आघात नाही. हे कानाने ठरतं, तेव्हा मोठ्याने म्हणा, घरचे हसले तर हसू देत.

रदीफ म्हणजे शेवटी जसाच्या तसा परतणारा शब्द, त्याच्या आधीचं यमक तो काफिया. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात (शेर म्हणजे दोन ओळींची जोडी), ते दोन्ही ओळींत येतात, नंतर प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत. सुरेश भटांची 'गझलेची बाराखडी' वाचाच. माधव जूलियनांचं 'छंदोरचना' संदर्भाला ठेवा, पहिल्याच दिवशी उघडलंत तर घाबराल.

चहाबाज: चारोळी, हायकू कोणीच सुचवलं नाही?

लगागा: चार ओळी झाल्या की चारोळी झाली असं वाटायला लागतं. नव्याने शिकताना ती सवय नको. सुनीतही (सॉनेट) नंतर, १४ ओळी पेलायला दम लागतो.

शहाणा_कावळा: धन्यवाद! हा पहिला प्रयत्न:

वीजबिल आले / वाचवेना मज / हरली समज / पंखा बंद

ओवीकार: अक्षरं चोख, 'पंखा बंद' झकास. 'मज' मात्र यमकासाठी ओढून आणलाय. आपण बोलताना 'मला' म्हणतो ना? दुसरा-तिसरा चरण पुन्हा लिहा.