मदत हवी आहे: हॅस्केलमध्ये मॅपला इंडेक्स जोडला, पण जुनी नोंद इंडेक्समधून जातच नाही

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांब आहे. मोबाईलवरून लिहितेय, त्यामुळे कोड न चिकटवता शब्दांतच सांगते.

आई आमच्या गावच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. देवघेवीसाठी तिला मी एक छोटा प्रोग्रॅम करून दिलाय. (खरं कारण: मला हॅस्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायची होती आणि आई नाही म्हणत नाही.) एक मुख्य मॅप (किल्लीवरून नोंद शोधून देणारा तक्ता) आहे, दाखल क्रमांकावरून पुस्तकाची नोंद देणारा. नोंदीत नाव, लेखक आणि पुस्तक सध्या कोणाकडे आहे तो सभासद क्रमांक, मेबी लावून (म्हणजे क्रमांक असेल, नाहीतर नथिंग, काहीच नाही). पण "४१ नंबरकडे काय काय आहे?" हे आई दिवसातून वीस वेळा विचारते. त्यासाठी दर वेळी सगळी पुस्तकं चाळायला नकोत म्हणून दुसरा मॅप, म्हणजे इंडेक्स, ठेवला: सभासद क्रमांकावरून दाखल क्रमांकांचा सेट. दोन्ही मॅप एका डेटा टाइपमध्ये बंद, कन्स्ट्रक्टर मॉड्यूलच्या बाहेर दिसत नाही, म्हणजे बाहेरच्या कोडला ते थेट बदलता येत नाहीत.

नोंद बदलताना मी अपडेट-लुकअप-विथ-की हे तयार फंक्शन वापरते. ते नवा मॅप देतं आणि सोबत जुनी नोंदही देतं. जुन्या नोंदीतला सभासद बघून इंडेक्समधून काढायचं, मग नव्या सभासदाखाली घालायचं. सहा महिने बिनतक्रार चाललं.

मग बालविभागाची पुस्तकं आली. त्यांचे दाखल क्रमांक "बा-११७" असे, म्हणून किल्ली इंट (पूर्णांक) ऐवजी टेक्स्ट (मजकूर) केली, पूर्णांकी किल्ल्यांच्या इंटमॅपच्या जागी सर्वसाधारण डेटा.मॅप आणला. कंपायलरने दाखवल्या तेवढ्या ओळी बदलल्या, कंपाइल झालं, खूश. आठवड्याने आईचा फोन: "४१ नंबरच्या काकूंनी पुस्तक सोमवारीच परत केलं, तरी तुझं यंत्र त्यांच्याच नावावर दाखवतंय." बघितलं तर तेच पुस्तक तोवर ८७ नंबरने नेलेलं, आणि इंडेक्समध्ये दोघांकडेही! मुख्य मॅप मात्र बरोबर. काढायची ओळ जागेवर आहे, दहा वेळा वाचली. काय चुकतंय?

जाता जाता दुसरं: या टाइपला फंक्टर (आतल्या प्रत्येक नोंदीवर कुठलंही फंक्शन चालवता येणारा टाइप) करायचा होता, जमला नाही. जमतो का?

प्रतिसाद १
अशा कामाला आयएक्ससेट-टाइप्ड नावाचं पॅकेज आहे, एका संचावर हवे तितके इंडेक्स देतं. स्वतः कशाला लिहिताय?

धागाकर्ती
शिकायचंय म्हणून. तरी बघून ठेवते, धन्यवाद.

प्रतिसाद २
ताई, तुमची ओळ बरोबर आहे, फंक्शन दगा देतंय. इंटमॅपमधलं अपडेट-लुकअप-विथ-की नेहमी मूळ नोंद परत देतं. डेटा.मॅपमधलं त्याच नावाचं फंक्शन नोंद बदलली तर बदललेली नोंद देतं. मूळ नोंद फक्त किल्ली उडवली तरच मिळते. डॉक्युमेंटेशनमध्ये हा फरक लिहिलेला आहे, पण तो वाचतो कोण. आतली झाडंही वेगळी: इंटमॅप म्हणजे पॅट्रिशिया ट्राय (किल्लीच्या बिट्सवरून फाटे फुटणारं झाड), ओकासाकी आणि गिल यांच्या १९९८ च्या शोधनिबंधातला, मॅप म्हणजे फांद्यांच्या आकारावर तोल सांभाळणारं झाड. नावं सारखी, म्हणून आपण वागणूकही सारखी धरून चालतो. टाइपही जुळतो, त्यामुळे कंपायलर गप्प.

तुमच्याकडे झालं असं की पुस्तक परत आलं तेव्हा "जुनी" म्हणून हातात पडली ती नवीच नोंद, सभासद नथिंग. मग काढायला काही उरलंच नाही. पुढे ८७ ला दिलं तेव्हा ८७ खालून काढलं आणि परत ८७ खालीच घातलं. ४१ ला कोणी हात लावला नाही.

अल्टर-एफ हे फंक्शन वापरा. त्याला फंक्टर म्हणून जोडी द्या, डावीकडे जुनी नोंद, उजवीकडे नवी. जुनी नोंद आणि नवा मॅप एकाच फेरीत मिळतात, आणि जुनी कोणती हे तुम्ही स्वतः ठरवता. घालणं, बदलणं, काढणं, तिन्ही याच एका फंक्शनमधून जाऊ द्या. इंडेक्सला हात लावणारी दुसरी जागाच ठेवू नका.

प्रतिसाद ३
फंक्टरचं: जमणार नाही. फंक्टरच्या एफमॅप या फंक्शनला कुठलंही फंक्शन देता येतं, पुस्तकाचं नुसत्या स्ट्रिंगमध्ये रूपांतर करणारंसुद्धा. मग सभासद कुठून काढणार? डेटा.सेट फंक्टर नाही, तिथेही दुखणं याच जातीचं, त्याला ऑर्ड (घटकांचा लहान-मोठा क्रम) लागतो. फोल्डेबल (आतल्या नोंदी एकेक करून गोळा करता येणारा टाइप) बिनधास्त करा. रूपांतर हवंच असेल तर पुस्तकातून पुस्तक देणारं वेगळं फंक्शन लिहा आणि शेवटी इंडेक्स नव्याने बांधा.

तो नव्याने बांधणारा कोड टेस्टलाही लागेल. क्विकचेक म्हणून आपोआप उदाहरणं बनवून चाचणी घेणारं पॅकेज आहे, त्याला सांगा: वाटेल त्या क्रमाने देवघेव कर, मग हातातला इंडेक्स आणि मुख्य मॅपवरून नव्याने बांधलेला इंडेक्स एकच आहेत का बघ. असं काही असतं तर आईंचा फोन यायच्या आधीच कळलं असतं.

धागाकर्ती
अल्टर-एफ लावलं, भूत गेलं! दोघांचेही आभार.

क्विकचेकही लावलं आणि ते लगेच लाल, चाचणी नापास. छाटून छाटून उरलेलं उदाहरण दोनच पावलांचं: एक पुस्तक एका सभासदाला दिलं, परत घेतलं. माझ्या इंडेक्समध्ये त्या सभासदापुढे रिकामा सेट पडून होता, नव्याने बांधलेल्यात तो सभासदच नव्हता. म्हणजे "कोणाकोणाकडे पुस्तकं आहेत" या यादीत हात रिकामे असलेलेही येत होते, आणि आई त्यांना आठवणीचे फोन करत होती! काढताना ॲडजस्ट हे फंक्शन वापरत होते, ते किल्ली कधीच उडवत नाही. तिथे अपडेट घातलं, सेट रिकामा झाला की नथिंग. आता शंभरच्या शंभर चाचण्या पास.

आईला अजून सांगितलेलं नाही.