‘लीन’, ‘नम्र’ आणि ‘पायरी ओळखणे’

प्रश्न : ‘देवापुढे नम्र होणे’ आणि ‘देवाच्या चरणी लीन होणे’ यांत फरक आहे का? ‘आपली पायरी ओळखणे’ हाही नम्रपणाच समजायचा का?

– फरक आहे. ‘नम्र’ नम् धातूवरून आला, म्हणजे वाकणे. ‘लीन’ ली धातूवरून. चिकटणे, विरून जाणे. वाकलेल्याच्या मनात ‘मी वाकलो’ हा ताठा शिल्लक राहू शकतो, लीन झालेल्याचा ‘मी’च उरत नाही. पाहुण्यांशी आपण नम्रपणे बोलतो, तिथे ‘लीन’ कानाला खटकतो. तरी तुकोबांनी ‘नम्र’ केवढा उंच नेला! ‘नम्र झाला भूतां । तेणें कोंडिलें अनंता.’ देवापुढे नव्हे, भूतांपुढे, म्हणजे जिवांपुढे. वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात ते याच अर्थाने.

– ‘अभिमान’ही बघा. आपण तो सोडायचा, पण मनाच्या श्लोकांत समर्थ देवाला ‘दासाभिमानी’ म्हणतात : ‘नुपेक्षी कदा राम दासाभिमानी’. इथे अर्थ गर्व नाही. दासाला आपला मानून त्याची पाठराखण करणारा, असा आहे. मला हा शब्द फार धीर देतो.

– पायरीबद्दल मात्र स्पष्ट सांगते. या वाक्प्रचारात पायरी म्हणजे दर्जा, आणि ती बहुधा दुसराच कुणीतरी दाखवत असतो : ‘पायरीनं राहा.’ त्याला नम्रता म्हणू नये. पंढरपूरला महाद्वारात नामदेव पायरी आहे. भक्तांचे पाय लागावेत म्हणून नामदेवांनी ती जागा स्वतः मागून घेतली, असं परंपरा सांगते. तिच्या समोरच चोखोबांची समाधी आहे. त्यांना जातीमुळे देवळाबाहेर ठेवलं होतं, त्यांनी काही ती जागा निवडली नव्हती. चोखोबांची भक्ती लीन होतीच, पण त्यांना बाहेर ठेवणाऱ्यांचा तो अहंकार होता, आणि तोही देवाच्या नावाने. ते दार दलितांसाठी उघडायला साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावं लागलं.

– पटलं. म्हणजे ‘तो देवापुढे आपली पायरी ओळखून राहिला’ असं न लिहिता ‘देवाच्या चरणी लीन झाला’ असंच लिहावं.

– हो. आणि माणसांविषयी लिहायचं असेल तर तुकोबांचा ‘नम्र’ आहेच.