बांबूच्या सुताबद्दल थोडं वेगळं मत

बांबूचं सूत मऊ आणि गार लागतं म्हणून उन्हाळ्यात घालायचे कपडे विणायला तेच उत्तम, असं काहीजण म्हणतात. मऊ लागतं हे खरं. पण बाजारात त्या नावाने मिळतं ते बहुतेक व्हिस्कोस असतं, म्हणजे बांबूचा लगदा विरघळवून काढलेला धागा, आणि तो ओला झाला की कमजोर होतो. कापूस उलटा, ओला असताना जास्त मजबूत. मागच्या नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपुरात घालायला म्हणून मी बांबूचा बिनबाह्यांचा टॉप विणला होता. तिसऱ्या धुण्यात चार बोटं लांब झाला. आता धाकटी बहीण गाऊन म्हणून घालते!

मला वाटतं, तंतूइतकंच पिळाकडेही बघायला हवं. एकपदरी सुताचं विणकाम धुतल्यावर तिरकं जातं. तेच दोन-तीन बारीक पदर सुताच्या उलट दिशेने पिळले की पीळ एकमेकांना तोलतात, कापड सरळ राहतं. कापसात थोडं लिनन असेल तर अंगाला कमी चिकटतं. लोकरीसारखं ताणून परत जागेवर येणं मात्र यात नाहीच, म्हणून कमरेची पट्टी बाकी विणकामापेक्षा एका नंबरने बारीक सुईवर विणा. आणि आधी एक छोटा नमुना विणून, तो धुऊन, वाळवून मगच टाके मोजा.