मदत हवी आहे: बोरा गुहा एका दिवसात, सोबत गुडघेवाल्या सासूबाई आणि गाडी लागणारी पोरगी

नमस्कार मंडळी, नवऱ्याच्या बदलीमुळे सध्या विशाखापट्टणमला आहोत. बीच झाले, कैलासगिरी झाला, पाणबुडीचं म्युझियम तर मुलाच्या हट्टापायी दोनदा झालं. आता डोंबिवलीहून सासूबाई आल्यात आणि रविवारी बोरा गुहा बघून यायचं चाललंय. आम्ही पाच जण, मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ४ ची, सासूबाई ७१, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, उजवा कुरकुरतो.

आधी त्या तयारच नव्हत्या, गुहा म्हणजे कार्ला नाहीतर वेरूळ असंच त्यांच्या डोक्यात. मी सांगितलं की ही कोणी कोरलेली नाही हो, चुनखडीचा डोंगर पाण्याने विरघळून आतून पोकळ झालाय, आपल्याकडे सगळा काळा कातळ म्हणून असलं काही बघायला मिळत नाही. तर म्हणे मग त्यात मूर्ती नाहीत, काही नाही, बघायचं काय? मग खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गोष्ट सांगितली की म्हणे एक गाय चरता चरता वरच्या भोकातून आत पडली, गुराखी शोधत गेला तर गाय सुखरूप आणि शेजारी शंकराची पिंड. झालं! आता घरात सगळ्यात जास्त घाई त्यांनाच झालीय.

तर प्रश्न असा की आत पायऱ्या किती आणि कशा आहेत, कठडा आहे का, मधे कुठे टेकता येतं का, आणि पिंडीपर्यंत त्यांना जमेल का. दुसरं म्हणजे धाकटीला गाडी लागते, घाटात तर हमखास, म्हणून ट्रेनने जावं असं मला वाटतंय पण नवरा म्हणतो स्वतःची गाडी असली की आपल्या मर्जीने निघता येतं. त्याचा एक मित्र तर म्हणाला गुहेत भयंकर उकडतं, गुदमरायला होतं, लहान मुलांना नेऊच नका. हे खरंय का? आणि वटवाघळं??

डोंगरवेडा
मित्र बेलमच्या गुहेबद्दल बोलतोय बहुतेक. ती नंद्याल जिल्ह्यात, तुमच्यापासून खूप लांब. सव्वातीन किलोमीटर लांबीची, त्यातली साधारण दीड लोकांसाठी खुली, तिथे काही ठिकाणी बोळ चिंचोळे आणि घामाच्या धारा लागतात, बाहेरची हवा पाइपने आत सोडलेली आहे. बोऱ्याचं तसं नाही. तोंडच एवढं अवाढव्य की आत शिरल्यावर पण बराच वेळ उजेड असतो, आत गार. वटवाघळं आहेत पण ती वर, त्यांच्या नादात. माकडं मात्र बाहेर, त्यांना घाबरा. हातात खाऊची पिशवी दिसली की संपलं.

पायऱ्यांचं सांगतो. उतरताना काही वाटत नाही, सगळा हिशोब चढताना होतो. कठडे आहेत, दिवे आहेत, पण वरून पाणी ठिबकतं त्यामुळे जमीन ओली असते, गुळगुळीत चप्पल नको. माझी आई पहिल्या मोठ्या दालनापर्यंत आली, छतावरून लटकणारी चुनखडीची झुंबरं बघितली आणि तिथेच थांबली, तेवढ्यातही पैसे वसूल. पिंडीकडे जायच्या पायऱ्या अगदी उभ्या आणि अरुंद आहेत, वर गर्दी. रविवारी तर मी नाही नेणार.

खारूताई
जाताना ट्रेन, येताना गाडी असं करा. सकाळची किरंदुल पॅसेंजर, स्टेशनचं नाव बोरा गुहालू. बोगद्यांमागून बोगदे, पोरं प्रत्येक बोगद्यात ओरडतात, उलटी आठवायला वेळच नाही. काचेच्या डब्याचं (मोठ्या खिडक्यांचा विस्टाडोम) बुकिंग लवकर संपतं, आज बघा. परतीला ट्रेनच्या भरवशावर राहू नका, ती लाइन मुळात छत्तीसगडमधल्या बैलाडिलाच्या खाणींतलं लोहखनिज बंदरात आणायला टाकलेली आहे, मालगाड्या आल्या की पॅसेंजर बसते वाट बघत. नवऱ्याला गाडी घेऊन थेट तिकडे यायला सांगा, त्यांची मर्जी पण राहील 😄 आणि मुलाला सांगा की रेल्वेचे रूळ गुहेच्या डोक्यावरून जातात.

धागाकर्ती
दोघांचे खूप आभार! बेलमचाच घोळ होता, विचारलं त्याला. काचेचा डबा रविवारचा फुल, शुक्रवारचा मिळाला, नवऱ्याने कुरकुरत रजा टाकलीय. सासूबाईंना उभ्या पायऱ्यांचं सांगितलं तर म्हणाल्या मी खालूनच हात जोडीन, तुम्ही माझ्या वाटचं बेलपान वर वाहा. आता तिथे बेलपान मिळतं की इथूनच न्यायचं, आणि स्टेशनवरून गुहेपर्यंत रिक्षा मिळते का, एवढं कोणीतरी सांगा प्लीज.