मदत हवी आहे: गमबूट, मास्क रिसर्च ग्रँटमध्ये बसतात का?

नमस्कार मंडळी, यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो. सरकारी ग्रँटवर छोटा प्रोजेक्ट चालू आहे, कपाशीच्या वावरातली माती अन् विहिरीचं पाणी तपासून फवारणीच्या औषधाचा अंश किती उरतो ते बघतो. दर पंधरा दिवसांनी नमुने. आम्ही चौघं, मी, प्रोजेक्ट असिस्टंट, एमएस्सीची एक मुलगी आणि गावातले एक दादा जे रोजीनं येतात.

जुलैत ७४०० रुपयांचं बिल टाकलं, चार जोड गमबूट, चार कार्ट्रिजवाले मास्क, चार गॉगल आणि नायट्राइल हातमोज्यांचा एक बॉक्स. अकाउंट सेक्शनने हातमोजे पास केले कारण ते "लॅबचं सामान", अन् बाकीच्यावर लाल पेनानं गोल करून लिहिलं "वैयक्तिक वापराची वस्तू". काहून वैयक्तिक? बूट घालून मी काही लग्नाला जात नाही.

या दिवसांत पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, कमरेच्या वर असते, खाली गवत, पाय कुठं पडतो ते दिसत नाही. मागच्या खेपेला दादा माती काढायला वाकले तर त्यांच्या स्लिपरपासून हातभरावर परड, म्हणजे घोणस, वेटोळं घालून बसली होती आणि कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसत होती. दादा तसेच वाकलेले, हालले नाहीत, एक मिनिट असेल पण मला अजून झोपेत तो आवाज येतो. शेजारच्या वावरात फवारणी चालू असली की वारा आमच्याच अंगावर. २०१७ ला याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, ते घरं मी पाहिले आहेत, त्यामुळं पोरांना रुमाल बांधून वावरात पाठवायची माझी तयारी नाही.

सँक्शन ऑर्डरमध्ये, म्हणजे ग्रँटच्या मंजुरीपत्रात, मनुष्यबळ, कन्झ्युमेबल्स (वापरून संपणारं सामान), ट्रॅव्हल आणि कंटिंजन्सी (किरकोळ, अचानक येणारा खर्च) एवढेच हेड, म्हणजे खर्चाचे प्रकार, आहेत, इक्विपमेंट नाही. हे कशात टाकायचं? रोजीवरच्या दादांसाठी घेतलेलं चालतं का? का खिशातूनच भरू? सध्या तेच करून राहिलो.

जुनाहिशेबनीस: भाऊ, खिशातून भरू नका, पुढच्या वर्षीही मग तेच गृहीत धरतील. बघायचं एवढंच की प्रोजेक्ट नसता तर ही वस्तू घेतली असती का? नसती, म्हणजे प्रोजेक्टचा खर्च. तुमचं बिल कोणाच्या नावावर आहे? तुमच्या स्वतःच्या नावावर असेल तर अकाउंटवाल्याला वैयक्तिकच दिसणार. बिल कॉलेजच्या नावानं घ्या, स्टॉक रजिस्टरला चढवा, वापरायला देताना सही घ्या, प्रोजेक्ट संपल्यावर बूट कॉलेजला जमा. वस्तू माणसाच्या घरी जात नाही हे कागदावर दिसलं की निम्मा वाद मिटतो. हेडबद्दल ग्रँट देणाऱ्यांना खरेदीच्या आधी मेल टाका आणि उत्तराची प्रिंट फायलीत लावा, युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, देताना तीच कामी येते. एका हेडातला पैसा परवानगीशिवाय दुसऱ्या हेडात फिरवू नका मात्र.

नदीकाठ: मी अमेरिकेच्या ग्रँटवरच्या एका प्रोजेक्टमध्ये होते. तिकडं सरकारी ग्रँटच्या खर्चासाठी जे २ सीएफआर २०० नावाचे नियम आहेत, त्यात खर्च कामासाठी गरजेचा आहे का, रक्कम वाजवी आहे का आणि तो याच प्रोजेक्टवर टाकता येतो का असं बघतात. रोजचे बूट नाही चालत, पण कामाच्या धोक्यासाठी लागणारे चालतात. तुमची ग्रँट आपल्या सरकारची, तिला तो नियम लागू नाही, पण बिलासोबत अकाउंटला द्यायची नोट याच तीन मुद्द्यांवर लिहिली तर नाही म्हणणं अवघड जाईल.

रानपाखरू: वीस रुपयांचा मास्क का चालत नाही तेही लिहा, नाहीतर हमखास विचारतील. एन-९५ धूळ अडवतो, औषधाची वाफ नाही, त्यासाठी कार्बनचं कार्ट्रिज लागतं, आणि ते संपतं म्हणून कन्झ्युमेबल्समध्ये मागता येतं. शिवाय एका वावरातला चिखल दुसऱ्या वावरात गेला तर तुमचे नमुनेच बिघडतील, गमबूट दोन वावरांच्या मधे धुता येतात, स्लिपर अन् पायाचं तसं नाही. अकाउंटवाल्यांना नमुन्याची भाषा लवकर पटते. बाकी कीटकनाशक नियम १९७१ मध्ये फवारणाऱ्याला संरक्षक कपडे द्यायचं लिहिलेलं आहेच.

धागाकर्ता: खूप आभार सगळ्यांचे. बिल माझ्याच नावावर होतं, तिथंच चुकलं. उद्या दुकानदाराकडून बदलून मिळतं का बघतो, आणि मेल आज रात्रीच टाकतो. नमुन्याचा मुद्दा नोटमध्ये घालतो, पण रानपाखरू, नुसतं तेवढंच लिहायला मन होत नाही. पहिल्या ओळीत साप आणि औषध असं सरळ लिहिणार, चार माणसांसाठी, आणि त्यात रोजीवरच्या दादांचं नाव पहिलं. पुढची खेप सोमवारी आहे, दादांना साडेआठ नंबरचा बूट घट्ट होतो म्हणून नऊचा मागवला.