सुई सुटलेली नसताना हिपॅटायटिस सीचं औषध द्यावं का?

वैदेही_म
नशेची सुई टोचणाऱ्याला हिपॅटायटिस सी, म्हणजे रक्तातून पसरणारा लिव्हरचा आजार निघाला, तर "आधी काही महिने व्यसनमुक्त राहून दाखव, मग औषध" अशी अट अनेक ठिकाणी घातली गेली. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांच्या सरकारी विमा योजनेत ती लेखी होती. माझ्या मते ही अट सरसकट काढून टाकायला हवी.

इंटरफेरॉन या जुन्या औषधाच्या काळात या अटीला थोडा तरी आधार होता. 24 ते 48 आठवडे इंजेक्शनं, ताप, अंगदुखी, नैराश्य, आणि एवढं सोसूनही निम्मेअर्धे रुग्ण बरे होत नसत. 2013 च्या अखेरीस सोफोस्बुविर ही नवी गोळी आली आणि चित्र पालटलं. आता 8 ते 12 आठवडे रोज गोळ्या घ्यायच्या, 95 टक्क्यांच्या आसपास रुग्ण बरे होतात. "व्यसनी माणूस गोळ्या नीट घेणार नाही" हा आक्षेपही टिकलेला नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिम्प्लिफाय या अभ्यासात सगळेच जण अलीकडच्या सहा महिन्यांत नशेची सुई टोचून घेतलेले होते. त्यातले 94 टक्के बरे झाले. मग अट कशासाठी?

रोखठोक
बरे झाले, मान्य. पुढे काय? हा आजार एकदा होऊन गेला म्हणून संरक्षण मिळत नाही आणि लसही नाही. तोच माणूस त्याच घोळक्यात जाऊन तीच सुई उचलणार, म्हणजे सगळा खर्च पाण्यात. रक्त चढवताना लागण झालेली बाई आणि डायलिसिसवरचा रुग्णही याच रांगेत उभे आहेत. त्यांनी आजार ओढवून घेतलेला नाही. औषध कुठे टिकेल ते बघून द्यायचं, एवढंच माझं म्हणणं आहे. यात शिक्षेचा प्रश्नच येत नाही.

वैदेही_म
पुन्हा लागण होते, पण किती जणांना? वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा टोचणाऱ्यांमध्ये वर्षाला 100 जणांमागे साधारण 6, असं प्रमाण निघालं. या 6 जणांसाठी बाकीच्यांचं औषध अडवायचं का? आणि आज ज्याला थांबवलं तो नुसता थांबत नाही, थांबलेल्या काळात त्याच्याकडून इतरांना लागण होत राहते. आइसलँडने 2016 मध्ये देशभर उपचार सुरू केले ते टोचणाऱ्यांना आणि कैद्यांना अग्रक्रम देऊन. आजार जिथून पसरतो तिथेच आधी औषध पोचवलं.

तळमजला
संसर्गजन्य आजारांच्या वॉर्डात काम करते, म्हणून लिहिते. इथे सगळे सुईबद्दलच बोलताहेत. सुई कोरी असली तरी पूड विरघळवायचा चमचा, गाळायचा कापूस आणि पाणी एकच असतं. तेवढ्यानेही हिपॅटायटिस सी लागतो. प्रयोगशाळेत सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात हा विषाणू 63 दिवसांपर्यंत जिवंत सापडला आहे.

त्यामुळे नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, एवढं रोखठोक यांचं बरोबर आहे. पण त्यावरचा उपाय अट नाही. बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन (हेरॉइनसारख्या अफूवर्गीय नशेऐवजी डॉक्टर देतात ती औषधं) चालू असेल तर नवीन लागणीचा धोका जवळपास निम्मा होतो. जोडीला पुरेशा कोऱ्या सुया मिळाल्या तर तो सुमारे तीन चतुर्थांशाने घटतो. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2017 च्या आढाव्यात हे आहे.

आणखी एक. गोळ्यांसाठी माणूस दारात आला की त्याची एचआयव्ही आणि क्षयाची तपासणी होते, हिपॅटायटिस बीची लस देता येते. बी आधीच असेल तर ते कळणं फारच गरजेचं, कारण सीचे उपचार चालू असताना बी उसळू शकतो. परत पाठवलेला माणूस पुढे येतो तो सुईतून रक्तात शिरलेल्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूने हृदयाची झडप खाल्ल्यावर. तेव्हा सहा-सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविकं द्यावी लागतात, कधी शस्त्रक्रियाही. खर्चाचंच बोलायचं असेल तर हाही मांडा.

मोठी_बहीण
तुमचे आकडे खरे असतील. माझा धाकटा भाऊ टोचतो. रागावून झालं, रडून झालं, पैसे बंद करून झालं. "लिव्हर जाईल" या एका वाक्याला तो अजून दचकतो. त्या रिपोर्टच्या भीतीनेच व्यसनमुक्ती केंद्रात राहायला तयार झाला होता. ती भीतीही तुम्ही तीन महिन्यांत पुसून टाकलीत, तर आमच्या हातात काय उरतं? मला तो बरा व्हायला हवाय, पण नुसतं त्याचं लिव्हर नाही, तो अख्खा.

उत्तररात्र
ताई, मी टोचत होतो त्या बाजूने सांगतो. लिव्हर खराब व्हायला वीस-तीस वर्षं लागतात आणि टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास, काही तासांत लागते. अंग मोडून येतं, उलट्या होतात, त्या वेळी रिपोर्ट आठवत नाही हो. भीती मलाही होती. त्या भीतीने मी तपासणीच टाळत राहिलो, घरी खोटं सांगत राहिलो. गोळ्या घेतल्या तेव्हा टोचणं चालूच होतं. रोज एक गोळी वेळेवर घेणं मला जमलं, हे मी कितीतरी काळानंतर स्वतःबद्दल ऐकलेलं पहिलं चांगलं होतं. बुप्रेनॉर्फिनबद्दल तिथल्याच नर्सनं सांगितलं. भावाला केंद्रात न्या, पण गोळ्या त्यासाठी अडवू नका.

मोठी_बहीण
वाचलं. तुम्ही सुटलात याचा मनापासून आनंद आहे. पण सगळे तुमच्यासारखे सुटत नाहीत, आणि जो सुटत नाही त्याच्या घरचे काय करतात ते मी रोज बघतेय.

रोखठोक
एका माणसाच्या अनुभवावर धोरण ठरत नाही. बुप्रेनॉर्फिन द्या, सुया वाटा, माझी ना नाही. मग बुप्रेनॉर्फिन चालू करणाऱ्यालाच गोळ्या द्या, निदान एवढी तरी अट ठेवा.

वैदेही_म
जो बुप्रेनॉर्फिनला तयार नाही त्याच्याकडूनच लागण जास्त पसरते, आणि तुमच्या अटीत नेमका तोच बाहेर राहतो. शिवाय मेथ (मेथॅम्फेटामाइन) किंवा कोकेन टोचणाऱ्याला बुप्रेनॉर्फिन लागूच पडत नाही, कारण ती नशा अफूवर्गीय नाही. मदत अडवली की काय होतं तेही बघा. अमेरिकेत इंडियानातल्या स्कॉट काउंटीत 2015 मध्ये टोचणाऱ्यांमध्ये एचआयव्हीची साथ आली. मुख्य गाव जेमतेम चार हजार वस्तीचं, आणि बाधित दोनशेच्या वर. त्यांच्यापैकी 90 टक्क्यांहून अधिक लोकांना हिपॅटायटिस सीही होता. कोऱ्या सुया पुरवणं तिथे तेव्हा बेकायदा होतं.

औषध कमी असेल तर रांग लावावी लागेल, हे मीही मान्य करते. सिऱ्होसिसला, म्हणजे लिव्हर कायमचं खराब होण्यापर्यंत पोचलेला आधी घ्या, गरोदर राहू इच्छिणारी आधी घ्या. आजार कुठून लागला, हा प्रश्न मात्र त्या फॉर्मवर नको.