सत्तर काड्या एकदम पेटल्या, तरी शेकोटी विझली कशी?

चुलीपाशी:
देवरुखजवळ आमची छोटी खानावळ आहे. गॅस आहे, पण गिऱ्हाइकाला भाकरी आणि मटण चुलीवरचंच लागतं, म्हणून गेली बावीस वर्षं पहाटे पाचला मी चूल पेटवते. जुलैतसुद्धा. पावसाळ्यात लाकूड कितीही झाकून ठेवलं तरी आतून ओलं राहतंच. तेव्हा आधी सोडण (नारळाचं वरचं काथ्याचं साल), मग करवंटी, मग बारीक ढलप्या आणि शेवटी फाटा, असा क्रम ठरलेला. एक पायरी गाळली की घरभर धूर.

लेक बारावीला आहे. त्याने जॅक लंडनची 'टू बिल्ड अ फायर' वाचायला दिली. "आई, तुझ्या धंद्यातली गोष्ट आहे," म्हणाला. इंग्रजी मला सावकाश वाचावं लागतं, दोन रात्री लागल्या.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कॅनडातल्या युकॉनमध्ये एक माणूस उणे 75 फॅरनहाइटमध्ये एकटा चालत निघतो. सोबत फक्त कुत्रा. बर्फाखालच्या पाण्यात पाय जाऊन गुडघ्याच्या अर्ध्यापर्यंत भिजतो. शेकोटी पेटवतो, पण झाडाखाली. फांद्यांवरचं बर्फ कोसळतं आणि शेकोटी गडप. मग बधिर हातांनी दुसरी पेटवायला जातो. बोटांत काडी धरता येत नाही म्हणून दोन्ही तळव्यांच्या टाचांमध्ये सत्तर काड्यांचा गठ्ठा धरून एकदम पेटवतो. हाताचं मांस जळतं, पण भूर्जाची साल पेट घेते. तेवढ्यात ओल्या शेवाळाचा गोळा जाळावर पडतो, तो काढताना थरथरत्या बोटांनी जाळच विस्कटतो आणि सगळं विझतं.

झाडाखाली शेकोटी ही चूक मला पहिल्या वाचनातच दिसली. माझा प्रश्न दुसरा आहे. एवढ्या काड्या, सुकी साल, सुकं गवत असताना माणसाला जाळ धरून ठेवता येत नाही हे खरं वाटतं का? की लेखकाला त्याला मारायचंच होतं? हा लेखक स्वतः कधी अशा थंडीत राहिला होता का? आणि थुंकी जमिनीवर पडायच्या आत कडाडते म्हणे, ती खरंच कडाडते का?

युकॉनकर:
ताई, मी मूळचा इचलकरंजीचा, नऊ वर्षं युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सला गॅरेजमध्ये काम करतो. थुंकीपासून सुरू करतो, कारण पहिल्या हिवाळ्यात मी तेच केलं होतं. उणे 43 सेल्सिअसला बाहेर जाऊन थुंकलो. काही कडाडलं नाही. खाली पडली आणि मग गोठली. शेजारची म्हातारी खिडकीतून बघत होती, तिला वाटलं असेल हा कुठला वेडा आलाय.

अर्थात गोष्टीतली थंडी त्याहून पुष्कळ जास्त आहे. उणे 75 फॅरनहाइट म्हणजे उणे 59 सेल्सिअसच्या आसपास. (उणे 40 ला दोन्ही मापं एकच आकडा दाखवतात, त्यामुळे इथे त्या दिवशी कुणाशी वाद होत नाही.) आणि हा आकडा हवेतून काढलेला नाही. युकॉनमधल्याच स्नॅग इथे 3 फेब्रुवारी 1947 ला उणे 63 सेल्सिअस नोंदलं गेलं.

लेखक राहिला होता का? राहिला होता, आणि नेमका गोष्टीतल्याच ओढ्यावर. जुलै 1897 मध्ये, एकविसाव्या वर्षी, क्लोंडाइकचं सोनं शोधायला तो बहिणीच्या नवऱ्याबरोबर निघाला. मेहुण्याचं वय झालेलं, तो लवकरच माघारी फिरला. हा चिलकूट खिंडीवरून सामान पाठीवर वाहत पुढे गेला. वर्षभर पुरेल एवढा शिधा बरोबर न्यावा लागे. सगळं मिळून टनाच्या घरात ओझं, त्यामुळे एकाच चढावर पुन्हा पुन्हा खेपा. हेंडरसन क्रीक नावाच्या ओढ्याच्या डाव्या फाट्यावर त्याने 54 नंबरचा खाणपट्टा स्वतःच्या नावे नोंदवला. आता गोष्ट पुन्हा काढा: तो माणूस ज्या मुक्कामाला निघालाय तो हेंडरसन क्रीकच्या डाव्या फाट्यावरच आहे. म्हणजे लेखकाने त्याला आपल्याच दाराकडे चालत आणलं आणि वाटेत मारलं.

सोनं मिळालंच नाही म्हणा. हिवाळाभर खारवलेलं मांस, सुका घेवडा आणि पाव खाऊन स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) झाला, हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले. आपल्याकडे आवळा-लिंबू खाणाऱ्याला ते कळणार नाही. जून 1898 मध्ये होडीने युकॉन नदीतून समुद्रापर्यंत गेला आणि घरी परतला तेव्हा खिशात साडेचार डॉलरची सोन्याची कणी होती. पण पुढची अठरा वर्षं तो त्या एका हिवाळ्यावरच लिहून जगला.

त्याची लाकडी झोपडी 1960 च्या दशकात जंगलात सापडली. ओंडके दोन ठिकाणी वाटले: निम्मे इथल्या डॉसन सिटीत, निम्मे त्याच्या गावी, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला, आणि दोन्हीकडे अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या लाकडांची झोपडी उभी केली. डॉसनची मी पाहिली आहे. आमच्या गॅरेजच्या शौचालयापेक्षा थोडी मोठी.

आता जाळ. साल तर पेटलीच ना? भूर्जाच्या सालीत तेल असतं, ओली असली तरी ती धडाडून पेटते. आपल्या पोथ्या ज्या भूर्जपत्रावर लिहायचे त्याच कुळातलं झाड. अडचण सालीची नाही, हातांची आहे. थंडीत शरीर हातापायांचं रक्त आवरून छातीपोटाकडे ठेवतं. आधी बोटांची जाणीव जाते, मग बोटं हलवणारे कोपराखालचे स्नायू गार पडतात. त्यानंतर बोट कुठे चाललंय ते डोळ्यांनी बघूनच कळतं. मीही एकदा हातमोजा काढून नट लावायला गेलो. नट पडला तो आवाजाने कळला.

माजी हवालदार (सातारा):
ताई, वर सांगितलंय ते बरोबर आहे. मी सियाचीनला होतो. तिथे थंडीच्या जोडीला हवा विरळ, त्यामुळे बुटाची नाडी बांधणं हेसुद्धा काम वाटायचं. उघड्या हाताने बंदुकीचं लोखंड धरलं तर कातडी चिकटून येते.

गोष्टीतला म्हातारा सांगतो ना, की उणे 50 फॅरनहाइटच्या खाली एकट्याने निघू नये? आमच्यात तो नियमच होता. हिमदंश ज्याला होतो त्याला कळत नाही, कारण दुखतच नाही. जोडीदाराने बघायचं, नाक पांढरं पडलंय, गाल पांढरा पडलाय, आणि ओरडून सांगायचं. या गोष्टीतल्या माणसाचा जोडीदार कुत्रा. त्याला सगळं कळत होतं, पण तो सांगणार कसा?

दुसरं, ओल. माणूस पाण्यात पडला म्हणून भिजला. आम्ही घामाने भिजायचो. जोरात चाललं की मोज्यात घाम, थांबलं की त्याचा बर्फ. म्हणून मुद्दाम सावकाश चालायचं. अन् थुंकीचं म्हणाल तर आमची काळी यायची. बंद खोपटात दिवसरात्र रॉकेलची बुखारी (ऊब देणारी शेगडी), त्याची काजळी.

शंकासुर:
लेखकाला त्याला मारायचं होतं का? होय. पुरावा देतो. हीच गोष्ट त्याने 1902 मध्ये मुलांच्या मासिकासाठी लिहिली होती. तिच्यात माणसाला नाव आहे, टॉम व्हिन्सेंट, आणि तो वाचतो. हातांवर भाजल्याचे व्रण राहतात, एकट्याने प्रवास करू नये हा धडा मिळतो, संपलं. कुत्रा नाहीच. 1908 च्या ऑगस्टमध्ये सेंच्युरी मासिकात आली ती ही दुसरी. तिच्यात माणसाचं नाव गेलं, कुत्रा आला आणि धडा गेला.

मला त्या माणसापेक्षा लेखकाचं नवल वाटतं. रोज हजार शब्द लिहायचे म्हणजे लिहायचेच, बोटीवर असो की कुठे. दुसरी गोष्ट छापून आली तेव्हा तो स्वतःच्या शिडाच्या बोटीतून, स्नार्कमधून, सॉलोमन बेटांत फिरत होता. उकाडा, मलेरिया, आणि हात सुजून सालपटं निघणारा कसलासा विकार. दोर मुठीत धरता येईना. जगभर वाचक बधिर हातांची गोष्ट वाचतायत आणि लिहिणाऱ्याची मूठ वळत नाहीये! शेवटी सफर अर्ध्यावर सोडून ऑस्ट्रेलियात इस्पितळ गाठावं लागलं. 1916 मध्ये गेला, वय चाळीस. आत्महत्येची दंतकथा लोक अजून सांगतात, पण मूत्रपिंडं केव्हाचीच निकामी होत आली होती.

(त्याची वंशाबद्दलची मतं वाचलीत तर डोकं फिरेल. तो वेगळा धागा काढू.)

चुलीपाशी:
सगळ्यांचे आभार. हवालदारदादा, तुमचं कुत्र्याचं वाक्य लेकाला वाचून दाखवलं, तो बराच वेळ गप्प होता.

1902 ची गोष्ट त्याने शोधून दिली. टॉम वाचला याचं बरं वाटलं, पण खरी मला दुसरीच वाटते. पहिलीत जाळ शहाण्या पोरासारखा ऐकतो. माझी चूल इतक्या वर्षांत तशी वागली नाही.

हातांचं मात्र पटेना, म्हणून काल करून पाहिलं. मासळीसाठी बर्फाची पेटी येते, तिच्यात दोन्ही हात मनगटापर्यंत खुपसून बसले. लेक घड्याळ लावून समोर. पाचव्या मिनिटाला डोळ्यांत पाणी आलं, मग दुखायचं थांबलं. तेवढ्यावर हात काढून काडेपेटी घेतली. पेटीचा खणच उघडेना. उघडला तर काड्या भुईवर. एक काडी उचलायला चार वेळा झडप घातली, पाचव्यांदा उचलली ती मोडली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. लेकाने चूल पेटवली, अन् सोडण न घालता थेट फाटा घातलान मेल्याने.